नाउरूचे तिकीट-पाकीट: तिकिटे चोख, पुस्तिका कच्ची

नाशिकच्या मेनरोडमागच्या एका गल्लीत जुनी नाणी, नोटा आणि पोस्टाची तिकिटे विकणारे एक लहानसे दुकान आहे. एकेका देशाची तिकिटे आणि त्या देशाची माहिती देणारी सोळा पानी मराठी पुस्तिका असे एकत्र बांधलेले पाकीट तेथे गेल्या काही महिन्यांपासून विकायला ठेवलेले असते. इंग्लंड, जपान, श्रीलंका यांची पाकिटे पुष्कळ आहेत. मी मुद्दाम प्रशांत महासागरातील नाउरूचे घेतले. किंमत ६५० रुपये, तिकिटे ४५, पुस्तिका एक. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे दोष सांगायचे आहेत ते दुकानदाराचे नसून, पुस्तिका ज्याने कोणी घाईघाईत लिहून दिली त्याचे आहेत, आणि दुकानदार मुलगा बोलायला सरळ आहे.

नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छपाईच्या कामात माझी सारी नोकरी गेली. १९२५ साली सुरू झालेला हा छापखाना देशाची तिकिटे छापतो हे नाशिककरांना सांगायला नको. नवी दिल्लीच्या उद्घाटनाची १९३१ सालची प्रसिद्ध तिकिटे येथलीच. ज्याच्या डोळ्यांखालून तिकिटांचे ताव रोज ढिगांनी जातात त्याला घरी येऊन पुन्हा तिकिटेच पाहण्याची हौस उरत नाही, हलवायाच्या घरी पेढ्याचे कौतुक नसते तसेच ते आहे. माझी हौस उरली ती परक्या देशांच्या तिकिटांपुरती, आणि त्यातही देश जितका लहान तितकी अधिक. मोठ्या देशाची ओळख पटवणाऱ्या गोष्टी शंभर असतात. मूठभर वस्तीच्या बेटाचे नाव मात्र आमच्यासारख्यांच्या हाती पडते ते बहुतेक वेळा तिकिटावरूनच.

नाउरू किती लहान आहे हे आकड्यांनी सांगितले तर पटकन ध्यानात येते. त्याचे क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर आहे. नाशिक महानगरपालिकेची हद्द सुमारे २५९ चौरस किलोमीटरांची, म्हणजे आपल्या एका शहरात नाउरूसारखे बारा देश मावतील. लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहरात १४ लाख ८६ हजार माणसे होती, हे शेजारी ठेवून पाहावे. बेटाला वळसा घालणारा रस्ता सुमारे १९ किलोमीटरांचा आहे. सीबीएसवरून, म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकावरून, निघून नाशिकरोड स्टेशनला जावे आणि माघारी यावे, एवढ्यात एका सार्वभौम राष्ट्राची प्रदक्षिणा पूर्ण होते. नदी एकही नाही. गोदाकाठच्या माणसाला ही गोष्ट सर्वांत आधी खटकते, परंतु तेथे पावसाचे पाणी टाक्यांत साठवून आणि समुद्राचे पाणी गोडे करूनच भागवावे लागते. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, आणि तेही नाशिकहून इगतपुरीला जावे एवढ्या, म्हणजे पन्नास-साठ किलोमीटरांच्या अंतरावर. नाउरूचा ध्वज पाहिला की हा भूगोल पाठ होतो: निळ्या समुद्रावर मधोमध पिवळी रेघ हे विषुववृत्त, आणि रेघेच्या किंचित खाली असलेला बारा टोकांचा पांढरा तारा म्हणजे मूळच्या बारा कुळांचा देश. इतका सरळ नकाशा असलेला ध्वज दुसरा क्वचितच असेल.

आता पाकिटाविषयी. तिकिटे चांगली आहेत, हे आधीच सांगून टाकतो. पारदर्शक आवरण फोडून मी ती चिमट्याने एकेक करून काळ्या पुठ्ठ्यावर मांडली, तेव्हा ४५ पैकी तिघांच्याच कडांचे दात तुटलेले निघाले आणि एकाच्या पाठीवर जुन्या हिंजचा, म्हणजे तिकीट वहीत लावण्याच्या कागदी पट्टीचा, जाड डाग होता. या किमतीच्या पाकिटात एवढे चालते. सर्वांत जुने तिकीट जहाजाचे आहे. नाउरूच्या किनाऱ्याजवळ उभ्या असलेल्या मालवाहू जहाजाचे हे चित्र १९२४ साली आले आणि पुढे १९४८ पर्यंत तेच चित्र वेगवेगळ्या किमतींवर छापले गेले. त्यातील सुरुवातीची तिकिटे खरखरीत, करड्या झाकेच्या कागदावर आहेत आणि १९३७ नंतरची गुळगुळीत, चकाकणाऱ्या पांढऱ्या कागदावर. पाकिटातील तिकीट नंतरचे, म्हणजे स्वस्त आहे, हे दिव्याखाली तिरपे धरताच कळते. तरीही मी त्यावर खूश आहे, कारण ते कोरीव पत्र्यावरून छापलेले आहे. अशा छपाईत शाई कागदावर किंचित उठून राहते. डोळे मिटून नख अलगद फिरवले तर जहाजाची डोलकाठी बोटाला लागते. प्रेसमध्ये नव्या मुलांना आम्ही हीच परीक्षा शिकवत असू, आणि निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी ती पुन्हा करताना मला जो आनंद झाला त्याचे पैसे या परीक्षणात धरलेले नाहीत.

तिकीट जहाजाचेच का, याचे उत्तर पुस्तिकेत असायला हवे होते. ते नाही. उत्तर दुसऱ्या एका तिकिटात आहे. १९५४ साली नाउरूने नऊ चित्रांची मालिका काढली. तीत बुआडाचे तळे, अनिबारेचा उपसागर, फ्रिगेट पक्षी, होडी, गावसभेचे घर अशी चित्रे आहेत, आणि साडेतीन पेनीच्या तिकिटावर समुद्रात पुढे झेपावलेला लोखंडी सांगाडा जहाजात फॉस्फेट ओततो आहे. नाउरूला नैसर्गिक बंदर नाही. किनाऱ्याभोवती प्रवाळाचा पट्टा आहे आणि त्यापलीकडे समुद्र एकदम खोल होतो, त्यामुळे जहाजाला नांगर टाकायलाही तळ सापडत नाही. ते तरंगत्या बोयांना बांधून ठेवावे लागे आणि प्रवाळाच्या डोक्यावरून लांब हात काढून माल त्यात सोडावा लागे. असा पहिला सांगाडा १९३० साली उभा राहिला. या एका तिकिटावर देशाचा सारा अर्थव्यवहार आहे. पुस्तिकेने मात्र त्याच्याखाली 'बंदरावरील क्रेन' असे लिहून विषय संपवला आहे.

फॉस्फेटची गोष्ट नाशिकच्या माणसाला कळायला जड जाऊ नये. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या बागेला जे सिंगल सुपर खत घालतात ते खनिज फॉस्फेटवर गंधकाच्या आम्लाची क्रिया करूनच होते. 'अठरा-शेचाळीस' या खतातला शेचाळीसचा आकडाही स्फुरदाचाच, म्हणजे फॉस्फरसचा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील जमिनी स्फुरदाच्या बाबतीत फार गरीब. तेथील गहू आणि कुरणे विसाव्या शतकात ज्या खतावर पोसली गेली त्यातील मोठा वाटा नाउरूच्या मातीचा होता. आणि हा ठेवा सापडला कसा, तर सिडनीच्या एका कंपनीच्या कचेरीत दाराला अडसर म्हणून ठेवलेल्या दगडावरून. नाउरूहून कोणीतरी आणलेला तो दगड सारे जण अश्मीभूत लाकूड समजत होते. अल्बर्ट एलिस या तरुण कर्मचाऱ्याला शंका आली, त्याने तो तपासला, आणि १९०० च्या सुमारास कळले की ते उत्तम दर्जाचे फॉस्फेट आहे. १९०६ साली खाणकाम सुरू झाले. सोळा पानांच्या पुस्तिकेत दाराच्या या दगडाला एक ओळ मिळू नये आणि 'नाउरूमध्ये नारळाची झाडे आढळतात' यासाठी अर्धे पान जावे, हे मला अनाकलनीय आहे.

या दगडाच्या आधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १७९८ साली जॉन फर्न नावाचा इंग्रज कप्तान तेथून जाताना बेटावरील लोकांच्या वागणुकीने खूश झाला आणि त्याने बेटाला 'प्लेझंट आयलंड' म्हणजे 'सुखद बेट' असे नाव दिले. पुढे युरोपीय बंदुका आणि दारू तेथे पोहोचल्या, १८७८ पासून दहा वर्षे कुळाकुळांत यादवी माजली, आणि १८८८ साली जर्मनीने बेट ताब्यात घेऊन बंदुका काढून घेतल्या. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, ऑस्ट्रेलियाच्या सैन्याने ते जिंकले. १९१६ सालचे पहिले तिकीट हे त्याचेच फळ आहे: ब्रिटनच्या राजाच्या तिकिटावर काळ्या अक्षरांत 'नाउरू' असा शिक्का मारलेला. हे तिकीट महाग असल्याने पाकिटात नाही, पुस्तिकेत त्याचे चित्र आहे आणि चित्र चांगले छापले आहे.

युद्धानंतर तीन देशांनी मिळून जे केले ते पुस्तिका सौम्यपणे 'संयुक्त प्रशासन' म्हणते. १९१९ च्या करारानुसार ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी फॉस्फेट आपसांत वाटून घेतले: ४२ टक्के, ४२ टक्के आणि १६ टक्के. बेरीज शंभर होते. बेटाच्या लोकांना त्या बेरजेत जागाच नव्हती. जमीनमालकांच्या हाती सुरुवातीच्या काळात टनामागे अर्धा पेनी पडत होता. मी ही टक्केवारी पुस्तिकेच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.

यानंतर पुस्तिकेचा सर्वांत मोठा दोष. चौथ्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत असे छापले आहे की नाउरू हा दरडोई उत्पन्नात जगातील सर्वांत श्रीमंत देशांपैकी एक 'आहे'. हा 'आहे' पन्नास वर्षे जुना आहे. ३१ जानेवारी १९६८ रोजी नाउरू स्वतंत्र झाला, हॅमर डीरोबर्ट पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, खाणींची मालमत्ता २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांना विकत घेण्याचे ठरले आणि १९७० पासून फॉस्फेट देशाच्या ताब्यात आले. त्या दशकात वर्षाला वीस लाख टनांच्या आसपास माल बाहेर जात होता आणि भावही चढे होते, त्यामुळे मोजक्या हजार लोकांच्या वाट्याला येणारा आकडा तेलाच्या देशांच्या पंगतीत बसला. देशाने स्वतःची विमानसेवा काढली, १९७७ साली मेलबर्नमध्ये ५२ मजल्यांची 'नाउरू हाऊस' नावाची इमारत उभी केली. मग साठा ओसरला, गुंतवणुकी बुडाल्या, कर्जे झाली, विमाने गेली आणि २००४ साली ती इमारतही विकावी लागली. गर्भश्रीमंताच्या वाड्याची जी कथा आपण पंचवटीत किंवा जुन्या नाशकात घरोघर ऐकतो, तीच एका राष्ट्राची झाली. लहान देशाचा आकडा फार चंचल असतो. भागाकारातला खालचा अंक बारा हजार असेल तर वरचा अंक जरासा हलला तरी उत्तर कोठल्या कोठे जाते. म्हणून अशा देशाचा कोणताही आकडा देताना शेजारी वर्ष दिलेच पाहिजे. या पुस्तिकेत मी मोजून एकोणीस आकडे पाहिले आणि वर्ष फक्त तिघांजवळ आढळले. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले हे पाकीट सामान्य ज्ञानासाठी घेतात असे दुकानदारच सांगत होता. त्यांनी चौथे पान वाचू नये.

आणि ओसरलेल्या साठ्याची किंमत केवळ पैशात नव्हती. बेटाचा मधला उंचवटा, ज्याला तेथे 'टॉपसाइड' म्हणतात, तो बेटाच्या सुमारे चार पंचमांश भागाएवढा आहे. फॉस्फेट तेथे चुनखडीच्या खडकांमधील खाचांत भरलेले होते. ते खरवडून नेल्यावर मागे उभे राहिले ते दोन-तीन पुरुष उंचीचे आणि काही ठिकाणी त्याहूनही मोठे सुळके, ज्यांवर शेती होत नाही, घर बांधता येत नाही आणि नीट चालताही येत नाही. सह्याद्रीतले सुळके आपण हौसेने चढतो; आपले सारे शेत एका पिढीत सुळके झाले तर काय होईल, एवढीच कल्पना करावी. वस्ती सारी किनाऱ्याच्या अरुंद पट्टीवर आणि बुआडाच्या तळ्याभोवती आहे. १९६० च्या दशकात सर्व लोकांना क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर हलवण्याचा प्रस्ताव आला होता, तो नाउरूच्या लोकांनी १९६४ साली नाकारला. पुढे १९८९ साली या चिमुकल्या देशाने ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. खटला चालण्याजोगा आहे असा निर्णय न्यायालयाने १९९२ साली दिल्यावर, १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख डॉलर देण्याचे मान्य करून तडजोड केली, आणि ब्रिटन व न्यूझीलंड यांनीही त्यात प्रत्येकी १ कोटी २० लाखांची भर घातली. पुस्तिकेत हेगचा उल्लेख नाही. बुआडाच्या तळ्याचा फोटो मात्र दोनदा आहे, एकदा उलटा.

पुस्तिकेतील जी दोन पाने मला खरोखर आवडली ती 'अंगाम' दिनाची. आपल्याकडे लोकसंख्येचा आकडा नेहमी काळजीच्या सुरात सांगितला जातो, म्हणून हे वाचताना वेगळे वाटते. १९२० सालच्या फ्लूच्या साथीत बेटावर इतकी माणसे दगावली की नाउरू लोक जगतील की नाही हाच प्रश्न पडला. समाज टिकायचा तर किमान १५०० माणसे हवीत असे प्रशासकाने ठरवले आणि तो आकडा ज्या दिवशी गाठला जाईल तो सण करायचे ठरले. २६ ऑक्टोबर १९३२ रोजी जन्मलेल्या एका मुलीने तो आकडा पूर्ण केला. आजही त्या दिवशी नाउरूमध्ये सुट्टी असते. एका बाळाच्या जन्माने राष्ट्राची शिरगणती पुरी व्हावी, हे मी माझ्या नातीला वाचून दाखवले तेव्हा तिने विचारले, "आजोबा, मग त्या बाळाला रोज सगळे बघायला येत असतील ना?" मला उत्तर देता आले नाही.

परंतु येथेही पुस्तिका अर्ध्यावर थांबते. दहा वर्षांनी, ऑगस्ट १९४२ मध्ये, जपानने बेट व्यापले. धावपट्टी बांधून घेतली आणि १९४३ मध्ये सुमारे १२०० नाउरू लोकांना जहाजांत घालून दीड हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या ट्रुक बेटांवर मजुरीला नेले. उपासमार, रोग आणि बॉम्बहल्ले यांतून परत आले ते ७३७. ते ज्या दिवशी मायदेशी उतरले तो दिवस ३१ जानेवारी १९४६ होता, आणि बावीस वर्षांनी स्वातंत्र्याचा दिवस निवडताना तीच तारीख निवडली गेली. पुस्तिकेत दोन्ही तारखा आहेत, पण एक सहाव्या पानावर आणि दुसरी अकराव्या पानावर, आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे हे लिहिणाऱ्याला दिसलेच नाही. १५०० चा आकडा पुन्हा गाठायला १९४९ उजाडले, हेही राहून गेले. पाकिटातील १९६८ सालची 'रिपब्लिक ऑफ नाउरू' असा वरून ठसा मारलेली दोन तिकिटे हातात घेताना हे ठाऊक असेल तर ती वेगळी दिसतात; नसेल तर तो नुसता घाईचा ठसा वाटतो.

किरकोळ चुका पुष्कळ आहेत, त्या भराभर सांगतो. राजधानी 'यारेन' अशी छापली आहे. नाउरूला अधिकृत राजधानीच नाही, सरकारी कचेऱ्या आणि संसद यारेन जिल्ह्यात आहेत एवढेच. दुसऱ्या पानावर क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर आहे आणि नवव्या पानावर २१ चौरस मैल, म्हणजे सात पाने उलटेपर्यंत देश अडीच पटींहून मोठा झाला. देशाचे नाव नाउरू, नौरू आणि एके ठिकाणी चक्क 'नवरू' असे तीन प्रकारे आले आहे. शेवटच्या रूपावर घरात बराच वेळ हसणे झाले. संसदेचे सदस्य १८ लिहिले आहेत, ते २०१३ पासून १९ आहेत. राजमुद्रेचे वर्णन करताना 'एक फूल' म्हटले आहे. ते फूल आपल्या कोकणातल्या उंडीचे आहे, आणि मराठी वाचकाला हे सांगण्याची अशी आयती संधी कोणी सोडू नये. त्याच मुद्रेवर स्फुरदाचे किमयागारांच्या काळातील चिन्ह आहे. खनिजाला राजमुद्रेवर बसवणारा देश कोणत्या जिवावर उभा होता, ते तेवढ्यावरून कळते.

आता त्या दोन तिकिटांविषयी, ज्यांच्यामुळे मला दुकानात पुन्हा जावे लागले. ४५ तिकिटांत दोन नाउरूची नव्हतीच, ती निउएची होती. नावे दिसायला जवळची आहेत हे मान्य, पण निउए दक्षिण गोलार्धात बरेच खाली, टोंगाच्या पूर्वेला आहे. तो न्यूझीलंडशी मुक्तपणे संलग्न असलेला, स्वतःचा कारभार स्वतः पाहणारा देश आहे आणि संयुक्त राष्ट्रांचा सदस्य नाही. नाउरू १९९९ पासून आहे. क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ नाशिक महानगरपालिकेएवढे, आणि त्यावर दोन हजारही माणसे नाहीत. मी दोन्ही तिकिटे कागदात घालून नेली. दुकानदाराने भिंगातून पाहिले आणि म्हणाला, "काका, माल एकत्र येतो, आम्ही पाकिटे भरताना इंग्रजी 'एन' बघतो आणि टाकतो. बदलून देतो, पण ही पण ठेवा तुम्ही, राहू द्या." त्याने १९६३ नंतरची दोन नाउरूची तिकिटे काढून दिली. व्यवहार चोख झाला. फक्त ही तपासणी गिऱ्हाइकाने करायची आणि नाशिकरोडहून रिक्षाने पुन्हा यायचे, हा भाग मला पटला नाही.

नंतरच्या काळातील तिकिटे, म्हणजे पाकिटातील अर्ध्याहून अधिक, पाहायला रंगीत आहेत आणि संग्राहकाच्या दृष्टीने सामान्य. पक्षी, शिंपले, जहाजे आणि इंग्लंडच्या राजघराण्याचे सोहळे यांचीच गर्दी आहे. त्यांतील काहींच्या कोपऱ्यात शिक्का अगदी नेमका, अक्षरे पूर्ण, आणि उलटून पाहावे तर पाठीवरचा गोंद जसाच्या तसा शाबूत. असे तिकीट कोणत्याही पत्रावर चिकटलेले नसते; ते परदेशी संग्राहकांना विकण्यासाठीच शिक्का मारून तयार केलेले असते. लहान देशांना यातून चार पैसे मिळतात आणि त्यात गैर काही नाही, पण पाकिटावर 'प्रत्यक्ष वापरलेली तिकिटे' असे लिहिले आहे, ते खोडायला हवे.

आजच्या नाउरूविषयी पुस्तिका जवळजवळ गप्प आहे. मासेमारीच्या परवान्यांतून येणारे पैसे आज तेथे मोलाचे आहेत. ट्यूना माशांच्या राखणीसाठी आणि वाटणीसाठी १९८२ साली झालेला आणि आज आठ प्रशांत देशांना एकत्र आणणारा जो करार पुढे गाजला त्याला नावच नाउरूचे आहे. दुसरा पैसा आला तो २००१ नंतर, ऑस्ट्रेलियाकडे आश्रय मागायला बोटींनी निघालेल्या लोकांना या बेटावर ठेवण्याच्या मोबदल्यात. ती छावणी २००८ मध्ये बंद झाली, २०१२ मध्ये पुन्हा उघडली आणि जगभर टीकेचा विषय झाली. चीन की तैवान, या प्रश्नावर नाउरूने २००२, २००५ आणि जानेवारी २०२४ अशा तीन वेळा बाजू बदलली आहे. हे सारे अप्रिय आहे म्हणून गाळले असेल तर ते चूक आहे. भारोत्तोलनाचा उल्लेख मात्र आहे आणि बरोबर आहे: मार्कस स्टीफन यांनी राष्ट्रकुल स्पर्धांत सात सुवर्णपदके मिळवली आणि पुढे २००७ ते २०११ ते राष्ट्राध्यक्ष होते. बारा हजार वस्तीत पैलवान आणि राष्ट्राध्यक्ष एकच निघाला तर नवल नाही, पण ऐकायला गंमत वाटते.

घेणाऱ्यांसाठी व्यवहाराचे काही. पाकिटातील आवरण साध्या प्लास्टिकचे आहे आणि नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत ते तिकिटांच्या गोंदाला चिकटते, म्हणून घरी येताच तिकिटे स्टॉकबुकात, म्हणजे तिकिटे ठेवण्याच्या पट्ट्यांच्या वहीत, घालावीत. आवरणाला बाहेरून जी चिकटपट्टी लावलेली असते ती काढताना एक तिकीट आत ओढले जाते, तेव्हा ब्लेडने कापावी, ओढू नये. दुकान सकाळी अकराच्या आधी उघडत नाही आणि दुपारी बंद असते. पावती मागितली तर मिळते, न मागता मिळत नाही. १९५४ च्या मालिकेतील साडेतीन पेनीचे तिकीट प्रत्येक पाकिटात असतेच असे नाही. मी तीन पाकिटे उजेडात धरून पाहिली तेव्हा एकातच दिसले, आणि तेच घेतले. मागितल्यास दुकानदार आवरणाबाहेरून पाहू देतो.

६५० रुपये तिकिटांसाठी वाजवी आहेत. पुस्तिकेचे त्यात शंभर-सव्वाशे धरले असतील तर ते जास्त आहेत, आणि पुस्तिकेशिवाय नुसती तिकिटे पाचशेला देतो का असे विचारल्यावर दुकानदार "बघू, पुढच्या वेळी" म्हणाला आहे. किरिबातीचे पाकीट येणार आहे असे त्याने सांगितले. त्यात बानाबा या, नाउरूच्या पूर्वेला सुमारे ३०० किलोमीटरांवर असलेल्या आणि फॉस्फेटसाठी तसेच खरवडल्या गेलेल्या बेटाविषयी काही निघते का ते पाहायचे आहे. पैसे देण्याआधी मी पुस्तिका उभ्याउभ्या वाचून घेईन, असे त्याला सांगून ठेवले आहे.